खोल्या मोजल्या गेल्या, विहाराचे काय? बीडीडी चाळींचा पुनर्विकास समजून घेताना

१४ ऑगस्ट २०२५ रोजी माटुंग्याच्या यशवंत नाट्यमंदिरात वरळी बीडीडी चाळीतील ५५६ कुटुंबांना मुख्यमंत्र्यांच्या हस्ते नव्या घरांच्या चाव्या देण्याचा कार्यक्रम झाला. १६० चौरस फुटांच्या खोलीतून चाळीसमजली इमारतीतल्या ५०० चौरस फुटांच्या घरात, तेही फुकट. ज्यांच्या तीन-तीन पिढ्या सामाईक संडासाच्या रांगेत उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठी हा दिवस मोठाच होता. त्या आनंदाला नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. चाळ संस्कृतीचे कौतुक बहुधा तेच जास्त करतात जे चाळीत कधी राहिलेले नाहीत, किंवा जे तिथून कधीच बाहेर पडले आहेत.

पण या योजनेच्या कागदांवर मोजणीचे माप एकच आहे: खोली. खोली कोणाच्या नावावर, कोण पात्र, कोण अपात्र, कोणाला कोणत्या मजल्यावर घर. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या या चाळींत गेल्या शंभर वर्षांत आपल्या समाजाने खोलीबाहेर जे उभे केले, म्हणजे विहार, अभ्यासिका, मंडळाची जागा, सभेचे मैदान, जयंतीचा मार्ग, ते कोणत्या यादीत आहे? आपले तरुण घराच्या सोडतीची बातमी हिरिरीने शेअर करतात. मंजूर आराखड्यात विहार कुठे दाखवला आहे हे मात्र फार थोड्यांनी पाहिले आहे. म्हणून ही योजना नेमकी काय आहे आणि त्यात काय निसटू शकते, हे जरा सविस्तर पाहू.

बीडीडी वेगळी, बीआयटी वेगळी

आधी एक गोंधळ दूर करू. ‘बाबासाहेब बीडीडी चाळीत राहत होते’ असे आपल्याकडे अनेकदा लिहिले जाते. ते चूक आहे. बाबासाहेब दादरच्या राजगृहात जाण्यापूर्वी सुमारे दोन दशके परळला पोयबावडीतल्या बीआयटी चाळीत राहिले. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये हा ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या चाळी पुढे महापालिकेकडे आल्या. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, १९२० मध्ये, हे खाते सुरू झाले आणि त्याच्या चाळी राज्य सरकारकडे राहिल्या. हा फरक केवळ इतिहासाचा नाही. मालक वेगळा म्हणून नियम वेगळे, कार्यालय वेगळे, अर्ज करायची जागाही वेगळी. बीआयटी चाळीतल्या कार्यकर्त्याने बीडीडीचा शासन निर्णय हातात धरून भांडायला गेले तर पहिल्याच टेबलावर त्याला परत पाठवतात.

लॉईड यांची मूळ योजना गिरणी कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याची होती. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवण्यात आला. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या १६,००० च्या आसपास खोल्या, २०७ चाळींत: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला (आजचा ना. म. जोशी मार्ग) ३२ आणि शिवडीला १२. तळमजला अधिक तीन मजले, मधून काळोखी बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, प्रत्येक चाळीत ८०. भाडे आणि गिरण्यांपासूनचे अंतर यांमुळे वरळीच्या चाळी सुरुवातीला बऱ्याच रिकाम्या पडून होत्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात सरकारने तिथल्या काही चाळींचा चक्क तात्पुरता तुरुंग केला. ज्या इमारती कैद्यांना ठेवायला सोयीच्या वाटल्या, त्यांतच पुढे आपले आजे-पणजे संसार मांडून बसले.

ते तिथे का बसले, यामागे गिरणीतली जातही आहे. अस्पृश्य कामगारांना विणखात्यात घेत नसत. धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. विणखात्यात पगार चांगला होता. तिथून बाहेर ठेवलेला माणूस कमी पगाराच्या खात्यात, नाहीतर गोदी, रेल्वे, नगरपालिकेच्या सफाई खात्यात गेला. त्याला परवडणारी आणि मुख्य म्हणजे जात विचारून दार न लावणारी जागा सरकारी चाळीत मिळण्याची शक्यता जास्त होती. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या महार कुटुंबांनी एकमेकांच्या आधाराने शेजारच्या खोल्या धरल्या आणि हळूहळू काही चाळी ‘आपल्या’ झाल्या, काही ‘त्यांच्या’.

खोलीबाहेरची वस्ती

१६० चौरस फुटांत आठ-दहा माणसे राहत असतील तर आयुष्याचा मोठा भाग खोलीबाहेरच जातो. पुरुष बोळात आणि मैदानात झोपत, मुले जिन्यातल्या दिव्याखाली अभ्यास करत, बायका नळावर आणि दारात भेटत. या नाइलाजातूनच संस्था उभ्या राहिल्या. गावच्या नावाने चालणारी मंडळे आणि त्यांच्या भिश्या, कोकणातल्या बौद्धांची बौद्धजन पंचायत समिती आणि तिच्या शाखा, व्यायामशाळा, गायनपार्ट्या, महिला मंडळे, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत वर्गणी काढून बांधलेले विहार. त्याच विहारात संध्याकाळी वंदना, रात्री अभ्यासिका, रविवारी लग्नाची बैठक आणि गरज पडली तर शोकसभा. समाजशास्त्राच्या पुस्तकांत याला सामाजिक भांडवल म्हणतात. चाळीत त्याला ‘आपलं मंडळ’ म्हणतात.

या वस्तीने राजकारणही घडवले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट त्यात एकत्र आले आणि परळच्या कामगार मैदानावर बाबासाहेबांची सभा झाली. ती सभा भरली ती याच परिसरातल्या चाळींतून. १९७२ मध्ये दलित पँथर स्थापन झाली तेव्हा तिला पोरे मिळाली तीही इथूनच.

आणि याच चाळींनी १९७४ पाहिले. ५ जानेवारीला वरळीत बीडीडी चाळींच्या मैदानावर पँथरची सभा होती. लोकसभेच्या पोटनिवडणुकीवर बहिष्कार टाकण्याची हाक होती. सभेवर दगडफेक झाली, पोलिसांनी लाठ्या आणि गोळ्या चालवल्या आणि दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्चावर वरून टाकलेल्या पाट्याने भागवत जाधव शहीद झाले. त्या पोटनिवडणुकीत काँग्रेस हरली आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या, पण वरळी-नायगावचे वातावरण पुढे कित्येक आठवडे धुमसत राहिले. दंगलीच्या चौकशीसाठी न्या. भस्मे आयोग नेमावा लागला. त्या काळात चाळींचे नंबर ही सरहद्द झाली होती. कोणत्या नंबरच्या चाळीसमोरून रात्री जायचे नाही, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असे.

हे सांगायचे कारण असे की चाळीतले एकत्र राहणे केवळ प्रेमाचे नव्हते, ते संरक्षणाचेही होते. आज जी वस्ती मोडून उभी केली जाते आहे ती ही.

योजना चालते कशी

जमीन सरकारची, रहिवासी भाडेकरू, आणि बांधणारी यंत्रणा म्हाडा. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये बीडीडी चाळींसाठी ३३(९)(ब) हे स्वतंत्र कलम आहे आणि त्यात ४ एफएसआय दिला आहे. एफएसआय ४ म्हणजे जितकी जमीन त्याच्या चौपट बांधकाम. त्यातल्या काही भागात जुने रहिवासी राहतील, उरलेल्या भागात म्हाडा विक्रीची घरे आणि व्यापारी जागा बांधेल आणि त्या विक्रीतून सगळा खर्च काढेल. तीन ठिकाणचे मिळून पंधरा हजारांहून अधिक गाळे आहेत, त्यातले साडेनऊ हजारांवर एकट्या वरळीत. जमीन ऐंशी-नव्वद एकर, तीही वरळी, दादर, लोअर परळच्या मधोमध, म्हणजे देशातल्या सर्वात महाग जमिनींपैकी. ‘फुकट घर’ कसे परवडते याचे उत्तर इथे आहे. हे दान नाही. तुमच्या पायाखालच्या जमिनीची जी किंमत आहे तिचा एक भाग तुम्हाला घराच्या रूपाने मिळतो आहे. तरुणांनी हे घरातल्या वडीलधाऱ्यांना समजावले पाहिजे, कारण उपकाराच्या ओझ्याखाली माणूस प्रश्न विचारत नाही.

भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये जांबोरी मैदानावर झाले. वरळीत प्रत्यक्ष कामाची सुरुवात व्हायला २०२१ उजाडले. मधल्या काळात पात्रतेची सर्वेक्षणे, त्यांना विरोध, न्यायालयीन वाद आणि चाळींत राहणाऱ्या पोलीस कुटुंबांच्या घरांच्या किमतीचा घोळ हे सगळे झाले. चाळ रिकामी करणाऱ्याला संक्रमण शिबिरातला गाळा किंवा महिना २५,००० रुपये भाडे असा पर्याय दिला जातो. शिवडीच्या चाळी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीत. म्हणून त्या पहिल्या तीन ठिकाणांबरोबर धरल्याच गेल्या नाहीत.

घरांचे वाटप संगणकीय सोडतीने होते. वशिला चालू नये म्हणून हे बरोबरच आहे. पण सोडत शेजार ओळखत नाही. ज्या चाळीत ८० पैकी ७० घरे बौद्ध होती, ती कुटुंबे आता वेगवेगळ्या विंगमध्ये, वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरणार. माझे मत विचाराल तर यात वाईट काही नाही. जातीच्या चाळी मोडाव्यात आणि माणसे मिसळून राहावीत ही आपल्याच चळवळीची भूमिका आहे, आणि १९७४ च्या सरहद्दी कोणाला हव्या आहेत? फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘आपल्या’ चाळीत बहुसंख्य असणारा माणूस टॉवरमध्ये अल्पसंख्य होतो. तळमजल्याच्या लॉबीत दहा दिवस मंडप घालायला कोणाची हरकत नसते आणि १४ एप्रिलला निळा झेंडा लावायचा म्हटले की उपविधी काढले जातात, हे मुंबई-ठाण्यातल्या संमिश्र सोसायट्यांत राहणाऱ्या आपल्यातल्या अनेकांनी अनुभवले आहे. त्यामुळे सोसायटी नोंदवताना, उपविधी स्वीकारण्याच्या पहिल्याच सभेत हजर राहणे महत्त्वाचे. सामाईक जागेचा वापर सर्वांना सारख्याच अटींवर, असा स्पष्ट ठराव त्या सभेत करून घेता येतो. पाच वर्षांनी वाद पेटल्यावर करता येत नाही. गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीत अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि महिलांसाठी राखीव जागा कायद्यानेच आहेत. त्या रिकाम्या सोडल्या जातात, कारण कोणी अर्जच भरत नाही.

विहार कोणाच्या नावावर?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. खोलीचे भाडेपत्रक असते, पावती असते, वीजबिल असते. मोकळ्या जागेत वर्गणीतून बांधलेल्या विहाराचे काय असते? बहुतेक ठिकाणी उद्घाटनाची संगमरवरी पाटी आणि जुन्या फोटोंचा अल्बम. पुनर्विकासात सरकारी यंत्रणा जागा देते ती एखाद्या नोंदणीकृत संस्थेला, किंवा सोसायटीच्या ताब्यात. समाजाला, भावनेला किंवा पाटीला जागा देण्याची सोय कोणत्याही फॉर्ममध्ये नाही.

माझ्या कामात वेगवेगळ्या वस्त्यांमध्ये एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसते. मंडळ सत्तर-ऐंशीच्या दशकात धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेले असते. नोंदणी क्रमांक बॅनरवर छापलेला असतो. पण विश्वस्तांच्या यादीतली निम्मी माणसे हयात नसतात आणि नव्या विश्वस्तांचा बदल अर्ज कोणी दाखलच केलेला नसतो. परिशिष्ट एकचा उतारा काढला तर मिळकतीच्या रकान्यात विहाराचा उल्लेख नसतो, कारण जमीन सरकारची आणि बांधकाम ‘असेच’. हिशेबपत्रके वर्षानुवर्षे दिलेली नसतात. कागदावर हे मंडळ जवळजवळ मेलेले असते आणि प्रत्यक्षात रोज संध्याकाळी तिथे वंदना चालू असते.

कागद कमकुवत असला की काय होते, याचा अनुभव आपल्याला नवा नाही. जून २०१६ मध्ये दादरचे आंबेडकर भवन रातोरात पाडले गेले. बाबासाहेबांच्या छापखान्याची ती जागा. रस्त्यावर लाखोंचा मोर्चा उतरला. पण वादाचे मूळ होते ते ट्रस्टवर कोण आणि त्यांचे अधिकार काय, या प्रश्नात. मोर्चा पाडकामानंतर निघतो. विश्वस्तांची यादी त्याच्या आधी वाचायची असते.

दुसरा धडा शेजारच्याच गिरण्यांचा. १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करायचे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची करायची असे ठरले. ज्या जमिनीवर शेड उभी होती ती वाटणीतून बाहेर गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम केली. गिरणगावात जिथे मैदाने आणि कामगारांची घरे व्हायची होती तिथे मॉल आणि काचेची ऑफिसे उभी राहिली. रस्त्यावर तेव्हा घोषणांची कमतरता नव्हती. मसुद्यातला तो बदल सूचना-हरकतींच्या मुदतीत वाचणारे मूठभर होते.

बीडीडीच्या बाबतीत वेळ अजून गेलेली नाही. काम टप्प्याटप्प्याने चालले आहे आणि पुढच्या टप्प्यांच्या चाळी अजून उभ्या आहेत. प्रत्येक ठिकाणच्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात मंजूर अभिन्यासाची प्रत मागावी. मूळ नकाशा मागावा, प्रसिद्धीसाठी छापलेले रंगीत चित्र नको. त्यावर आधी बोट ठेवून बघावे की आजच्या विहाराच्या, अभ्यासिकेच्या आणि मैदानाच्या जागी उद्या काय आहे. पुनर्वसन इमारतीत धार्मिक वास्तू, कल्याण केंद्र, वाचनालय म्हणून किती क्षेत्र दाखवले आहे, ते कोणत्या मजल्यावर आहे, आणि ते कोणाच्या ताब्यात जाणार आहे? मैदान पुनर्वसनाच्या बाजूला आहे की विक्रीच्या इमारतींच्या कुंपणाआत? पोडियमवरची बाग आणि जमिनीवरचे मैदान यांत फरक आहे. पोडियमवर दहा हजार माणसांची जाहीर सभा होत नाही.

त्याच वेळी बदल अर्ज दाखल करून मंडळाचे विश्वस्त अद्ययावत करावेत. यात एका अडचणीची पूर्वसूचना देतो. जुन्या विश्वस्तांच्या वारसांना वाटते की विश्वस्तपद वारशाने येते. ते येत नाही. आणि नव्या यादीत किमान निम्म्या बायका घ्या, कारण विहार रोज उघडतात त्या, झाडतात त्या आणि वर्षावासात ग्रंथवाचन चालवतात त्याही.

जाता जाता दोन गोष्टी घराबद्दल. पहिली, देखभाल खर्च. चाळीसमजली इमारतीत लिफ्ट, पंप, जनरेटर, अग्निशमन यंत्रणा हे सगळे रोज पैसे खाते. सुरुवातीच्या काही वर्षांचा भार योजनेत धरलेला आहे. त्यानंतर कंत्राटी सफाई कामगाराच्या, पेन्शनवर जगणाऱ्या आजीच्या घराला तो झेपेल का? झेपला नाही तर घर भाड्याने देऊन माणसे बदलापूर-नालासोपाऱ्याला जातात आणि वस्ती कोणीही न हाकलता रिकामी होते. झोपु योजनेच्या इमारतींत हे झालेले आहे. सोसायटीचा राखीव निधी, गच्चीवरची सौरऊर्जा, खर्चाचे लेखापरीक्षण, यांत शिकलेल्या मुलामुलींनी पहिल्या दिवसापासून लक्ष घालावे. दुसरी गोष्ट, खोली एक आणि भाऊ तीन. आजोबांच्या नावावरची खोली थोरल्याच्या नावावर होते, बहिणी ‘हक्कसोड’ लिहून देतात आणि नवऱ्याने टाकलेली, माहेरी राहणारी बहीण कोणत्याच यादीत नसते. जिने आईवडिलांचे शेवटपर्यंत केले तिचेच नाव करारात नसते. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाचा फोटो ज्या भिंतीवर आहे, त्याच भिंतीखाली बसून अशी हक्कसोडपत्रे होतात.

नावाचाही वाद आहे. २०२२ मध्ये तेव्हाच्या सरकारने वरळीला बाळासाहेब ठाकरे, नायगावला शरद पवार आणि ना. म. जोशी मार्गाला राजीव गांधी यांचे नाव देण्याचे जाहीर केले. तीन वसाहती, तीन पक्षांची तीन नावे, आणि ज्यांच्या अनुयायांनी या चाळी शंभर वर्षे वसवल्या त्यांचे एकही नाही. याचा राग रास्त आहे आणि तो व्यक्तही व्हावा. मात्र नामफलकासाठी जेवढे फोन फिरतात, त्याच्या दहाव्या हिश्शाने अभिन्यासाच्या प्रतीसाठी फिरले तर बरे.

माहितीचा अर्ज म्हाडाच्या मुंबई मंडळाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने करायचा, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात चाळ क्रमांक, विहाराचे नाव आणि ‘मंजूर अभिन्यासाची साक्षांकित प्रत’ हे तीन तपशील लिहायला विसरू नका. मोघम अर्जाला मोघम उत्तर येते.